सच्छिद्र सिलिकेवरील पेक्टिनेज: अधिशोषण की सहसंयुज बंध?
गोव्यात काजूच्या बोंडांचा रस निवळण्यासाठी पेक्टिनेज हे विकर (रस गढूळ करणारे पेक्टिन तोडणारे एन्झाइम) पुन्हा वापरता यावे म्हणून सच्छिद्र सिलिकेवर (वाळूतल्याच पदार्थाच्या, बारीक छिद्रांच्या कणांवर) बसवायचे झाल्यास अधिशोषण, म्हणजे नुसत्या दुबळ्या आकर्षणाने पृष्ठभागाला चिकटवणे, सर्वांत सोपे: विकराच्या द्रावणात कण ढवळून, गाळून धुतले की काम झाले आणि विकराची घडणही फारशी बिघडत नाही. मात्र रस आम्लधर्मी असल्याने, सामू (pH, आम्लतेचे माप) बदलताच ते दुबळे आकर्षण सुटून विकर रसात उतरू शकते. याउलट, अमिनो गट (नायट्रोजन असलेले रासायनिक गट) बसवलेल्या सिलिकेला ग्लुटाराल्डिहाइड या दुवा साधणाऱ्या रसायनाने सहसंयुज, म्हणजे पक्क्या रासायनिक, बंधाने जोडलेले विकर सहसा सुटत नाही, पण काही क्रियाशीलता जोडणीतच जाते. तरीही वारंवार वापरासाठी मी हीच पद्धत निवडेन. छिद्रांची अडचण दोन्हीकडे आहे: पेक्टिनची लांब साखळी अरुंद छिद्रांत सहज शिरत नाही, त्यामुळे 5 नॅनोमीटरच्या छिद्रांनी पृष्ठफळ वाढले तरी रस निवळण्याचा वेग त्या प्रमाणात वाढत नाही.