गॅसबत्तीचं मेंटल आणि तेल, मंडईपासून उन्हाळी धानापर्यंतचा वापर

आमच्या घरी आजोबांच्या काळची पेट्रोमॅक्स आहे, जर्मन बनावटीची, ८२९ नंबरची, ५०० कँडल पॉवरवाली (म्हणजे उजेडाचं माप). दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे आमच्याकडच्या गावजत्रेत, दंडारीच्या लोकनाट्यासाठी काढली तेव्हापासून ती वापरातच आहे, नंतर पुंजण्यावर (कापलेल्या धानाच्या ढिगावर) रात्रीच्या जागलीला रानडुकरांपायी आणि आता उन्हाळी धानाच्या बांधीवर, म्हणजे शेतावर. एवढे महिने सतत पेटवल्यावर बऱ्याच गोष्टी पक्क्या झाल्या, म्हणून सविस्तर लिहून राहिलो.

सगळे पहिले विचारतात मेंटल, म्हणजे ज्योतीवर बांधायची जाळीदार कापडी पिशवी जी जळून राख होते आणि तापून उजेड देते, ते कोणत्या कंपनीचं घ्यावं. माझं मत असं झालं की कंपनी नंतर पाहा, आधी तेल पाहा, कारण मेंटल फुटण्याची निम्मी कारणं टाकीत असतात. तेलात पाण्याचे थेंब असले की बत्ती फसफसते, ज्योत उड्या मारते आणि जळून राख झालेलं मेंटल त्या धक्क्यानेच जातं. म्हणून डबकीतलं (डब्यातलं) तेल एक रात्र हलवायचं नाही, वरचं वरचं काढून दुपदरी मलमलीतून गाळून भरायचं, तळाचं बोटभर तसंच सोडायचं.

आता गावात गॅस आल्यापासून रेशनचं निळं रॉकेल मिळणं जवळपास बंदच झालं. त्यात निळा रंग टाकतात तो रेशनचं तेल डिझेलमध्ये भेसळीला गेलं तर ओळखू यावं म्हणून. शेजाऱ्याकडे जुना साठा होता तो लावून पाहिला आणि खुल्या बाजारातलं पांढरं पण, माझ्या बत्तीत तरी पांढऱ्यावर वाफेची नळी (जिच्यात तेल तापून वाफ होते) जास्त दिवस साफ राहते आणि वासही कमी येतो. पांढरं महाग पडतं हे खरं, पण ५०० च्या बत्तीला एक लिटरात साधारण आठ तास उजेड मिळतो, जागलीची अख्खी रात्र निघते, म्हणून मला ते परवडते.

डिझेल टाकू नका राजेहो. ते जड असतं, नळीत पूर्ण वाफ होत नाही, आत कोळसा बसतो आणि मग भोक साफ करायची पिन फिरवून फिरवून हात दुखतात तरी बत्ती पिवळीच. आणि पेट्रोल किंवा थिनर तर थेंबभरही नाही. रॉकेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेट घेते, तो किमान ३५ अंश, पेट्रोलची वाफ शून्याच्या कितीतरी खालीही पेट घेते, आणि आपल्याकडे मे महिन्यात सावलीत ४५ अंश होते. म्हणजे उन्हाळ्यात साधं रॉकेलही भर दुपारी भरताना जपावं लागते, मी ऊन उतरल्यावरच भरतो, बत्ती पूर्ण थंड झालेली, हवेचा स्क्रू हळूहळू सैल करून, आणि त्या वेळी बिडीवाला जवळ उभा राहू देत नाही.

आता मेंटल. बत्तीची कँडल पॉवर आणि मेंटलची साइज जुळलीच पाहिजे, इथे तडजोड नाही. ५०० च्या बत्तीला २०० चं मेंटल लावलं तर ज्योत जाळीच्या बाहेर येते, आणि छोट्या बत्तीला मोठं लावलं तर ते नीट तापतच नाही, उजेड पिवळट मळकट. बांधताना चिनीमातीच्या नोझलच्या खाचेत दोरा बसवायचा आणि चुण्या चारही बाजूंनी सारख्या वाटायच्या, एका बाजूला गोळा झाल्या की मेंटल तिरपं आवळते. पहिल्यांदा जाळलं की कापड जाऊन नुसती पांढरी राख उरते, त्याच वेळेस टाकीत चांगला दाब पाहिजे म्हणजे वाफेने ते फुगून गोल आकार घेते, दाब कमी असला तर सुरकुतलेलं राहते आणि मग तसंच राहते.

ही राख म्हणजे धातूचं ऑक्साइड. आउअर फॉन वेल्सबाख नावाच्या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १८९१ मध्ये ९९ टक्के थोरियम आणि १ टक्का सेरियमचं मिश्रण बसवलं, तेच इतकी वर्षं चाललं, आणि थोरियम तर आपल्या केरळच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूत भरपूर आहे. थोरियम किरणोत्सर्गी असल्यामुळे आता बरेच मेंटल यिट्रियमचे येतात. दोन्ही लावून पाहिले, उजेड थोरियमचाच जास्त पांढरा, दंडारीत अंगणाच्या टोकापर्यंत पोचते, यिट्रियमचा थोडा पिवळसर आणि कमी. पण घरात लहान पोरं असतील तर मी यिट्रियमचंच म्हणेन, कारण थोरियमची भीती त्याची राख नाकातोंडात जाण्याची आहे. कोणतंही असो, नवीन मेंटल उघड्यावर जाळा, फुटकं काढताना फुंकर मारू नका, हात धुवा. ऑनलाइन स्वस्तातलं बंडल पण मागवलं होतं, पाकिटावर ५०० लिहिलेलं आणि विणीत आधीच भोकं, ते सगळं परत केलं.

मेंटलला भोक पडलं की "चालू दे आजची रात्र" नाही करायचं. त्या भोकातून ज्योतीची धार सरळ काचेवर लागते आणि काच तडकते, जुन्या काचा आता मिळत नाहीत. पावसाळी किडे बम येतात तेव्हा काचेभोवती बारीक जाळी गुंडाळा.

पेटवताना नळी तापवायच्या स्पिरिटची कंजूषी नको. डिसेंबरच्या थंडीत मी स्पिरिटचा कप दोनदा भरतो, नळी तापली नाही तर कच्चं तेलच मेंटलवर उडते, काळं धरते आणि काजळीने जड होऊन तुटते. बंद झोपडीत रात्रभर लावून झोपू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसते.

पंपाचा चामड्याचा वायसर (वॉशर) सुकला की दाब धरत नाही. त्याला जवसाचं तेल लावतात आपल्याकडे, घरात असते म्हणून, पण जवस वाळून चिकट कडक होते आणि वायसर आणखी आकसते. शिलाई मशीनचं तेल लावून रात्रभर भिजू द्या, सकाळी बोटाने कडा बाहेर वळवा आणि मग बसवा.