फॉर्मवर ‘अजून ठरलेलं नाही’ असा रकाना नाही

पाचपैकी साडेतीन तारे. दीड तारा रिसेप्शन आणि पैशांच्या टेबलाने घालवला.

मी ४१, नवरा ४४. लग्न अडतिसाव्या वर्षी झालं आणि मुलाच्या बाबतीत तीन वर्षं आमचं नुसतं ‘बघू’ चाललं होतं. नाशिकमधल्या एका फर्टिलिटी सेंटरला गेलो ते फक्त विचारायला. पण फॉर्मवर एकच प्रश्न : किती वर्षांपासून प्रयत्न करताय? मी शून्य लिहिलं. काउंटरवरच्या मुलीने ते खोडून ३ केलं. “लग्नाला तीन झाली ना मॅडम, मग तीनच.”

वेळ साडेदहाची, नंबर लागला पावणेएकला. भिंतभर बाळांचे फोटो, सगळी गोरी आणि निळ्या डोळ्यांची. नाशकात कुठून आली कोण जाणे.

डॉक्टरबाई मात्र सरळ बोलणाऱ्या निघाल्या. पाळीच्या दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी झाली, रक्त घेतलं. दोन्ही अंडाशयांत मिळून पाच फॉलिकल्स (स्त्रीबीजाच्या बारीक पिशव्या), रक्तातलं एएमएच हे हार्मोन ०.८. माझा चेहरा पडला, तर म्हणाल्या, हा आकडा स्त्रीबीजं किती उरली ते सांगतो, कशी आहेत ते नाही. ते वय सांगतं. आणि एएमएच कमी म्हणजे आपोआप दिवस राहणारच नाहीत, असंही नाही. मग रिपोर्टच्या पाठीवर लिहून दिलं : बाळाला डाऊन सिंड्रोम (जन्मजात गुणसूत्रदोष) असण्याची शक्यता पंचविशीत साधारण बाराशेत एक, चाळिशीत शंभरात एक. त्यासाठी दिवस राहिल्यावर अकराव्या ते चौदाव्या आठवड्यात एनटी स्कॅन ही सोनोग्राफी आणि डबल मार्कर ही रक्ततपासणी.

नवऱ्याने विचारलं, आत्ता बीजं गोठवून ठेवली तर? “ठेवा की, पण ती एक्केचाळिशीचीच राहणार.” दुसऱ्या स्त्रीचं बीज घ्यायचं तर अशा उपचारांसाठीच्या २०२१च्या कायद्यानुसार (एआरटी कायदा) ती २३ ते ३५ वयाची हवी, आयुष्यात एकदाच देऊ शकते आणि सातपेक्षा जास्त बीजं काढता येत नाहीत. उपचार घेणाऱ्या बाईला वयाची मर्यादा ५०, पुरुषाला ५५. “म्हणजे कायद्याने तुमच्या हातात नऊ वर्षं आहेत. बीजांच्या हातात नाहीत.”

खरे पैसे वसूल झाले ते शेवटच्या छोट्या खोलीत. काउन्सेलर ताईंची फी ८००, वेळ पाऊण तास. त्यांनी पहिल्यांदा वयाचं गणित मांडायला लावलं. पुढच्या वर्षी बाळ झालं तरी ते दहावीला बसेल तेव्हा मी ५८ची, हा ६१चा. जिल्हा परिषदेतून निवृत्त होऊन तीन वर्षं झालेली. मग म्हणाल्या, आता मूल नसलेलं घर डोळ्यांपुढे आणा, तुम्ही दोघं साठीचे, दिवाळीचा पहिला दिवस. मी म्हटलं, चालेल की, उटणं लावायला माणूस आहे. हा बराच वेळ गप्प. मग म्हणाला, “मूल नसण्याचं काही वाटत नाही. आईला ‘नाही’ म्हणून कोण सांगणार, त्याची भीती वाटते.”

तीन वर्षांत हे घरी एकदाही निघालं नव्हतं. मी समजत होते, ह्यालाच मूल हवंय आणि तो मला बोलत नाही. आणि तो समजत होता, मलाच.

बाहेर येतो तोच फायनान्सवाल्याने तीन सायकलचं, म्हणजे उपचाराच्या तीन फेऱ्यांचं, पॅकेज पुढे केलं. आज बुक केलंत तर सूट, हप्तेही आहेत. अहो, निर्णय व्हायचाय, म्हटलं तर म्हणतो, “मॅडम, पॅकेज घेतलं की निर्णय होतो.” त्यानंतर पंधरा दिवस रोज फोन.

आम्ही पॅकेज घेतलेलं नाही. काउन्सेलर ताईंची पुढची वेळ मात्र घेतलीय, या वेळी सासूबाईंनाही नेणार आहोत. त्यांना अजून सांगितलेलं नाही.

जाणार असाल तर शनिवारी जाऊ नका, त्या दिवशी ताई नसतात. डबा न्या, कँटीनचा चहा पाणचट आहे. आणि फॉर्मवर शून्य लिहिलंत तर खोडू देऊ नका.