130 पीएसआयचं स्टिकर बघून सेकंडहँड केग घेऊ नका

लागर बिअर घरी प्रेशरखाली आंबवायची म्हणून 19 लिटरचा बॉल-लॉक केग (बिअरची दाब सहन करणारी स्टीलची टाकी) आणि स्पंडिंग व्हॉल्व्ह (ठरवलेल्या दाबावरचा जास्तीचा गॅस सोडणारा) असा जुना सेट घेतला, नव्याच्या निम्म्या किमतीत. 60 टक्के आगाऊ, 40 टक्के माल निघाल्यावर. पुढचं सांगायला नकोच, पूर्ण पैसे पोचले आणि विक्रेत्याची उत्तरं बंद.

केग आला, हो, आला! असल्या केगवर कमाल प्रेशर धातूतच कोरलेलं असतं, ते ग्राइंडरने घासून वर 130 पीएसआयचं (पीएसआय म्हणजे दाब मोजायचं एकक) स्टिकर. झाकणात दाब फार वाढला तर आपोआप गॅस सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह असतो तिथे नुसता बोल्ट. साबणाचं पाणी लावून गॅस सोडला तर 12 पीएसआयलाच वेल्डिंगमधून बुडबुडे.

आता लोक म्हणतील आधी विचारायचं ना. अरे विचारलं होतं! टेस्टचा व्हिडिओ मागवला, गेज 30 वर स्थिर, अजून काय करतो माणूस? पण त्याच व्हिडिओत शेवटी तो व्हॉल्व्ह उघडतो, फुस्स आवाज होतो आणि सुई ढिम्म हलत नाही, 30 वरच. गेज मेलेलं! मी मोबाईलच्या एवढ्याशा स्क्रीनवर पाहिलं, आवाज ऐकला आणि खूश. कोणीही झालं असतं. तुम्ही मात्र सुई शून्यावर येईपर्यंत बघा.

आणि हे फक्त पैशाचं नाही. यीस्ट गॅस करतच राहतं, आपण स्पंडिंग 10-15 वर लावून निवांत असतो, फेस चढून तो व्हॉल्व्ह चोंदला आणि वर रिलीफच नसेल तर ती शिट्टी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह दोन्ही बंद असलेल्या कुकरसारखी गत. म्हणून वर जागा सोडा, काठोकाठ भरू नका.

बँक म्हणते पैसे तुम्हीच पाठवलेत, मग फसवणूक कशी. पोलिसांनी अर्ज घ्यायच्या आधी विचारलं घरी दारू कशाला करता, मग प्रेशर ऐकून दुसऱ्याला हाक मारली, दोघं हसले, मग हा दिवाणी मामला म्हणून परत पाठवलं, म्हणजे चोर बाजूला आणि मीच आरोपी!! घासलेल्या धातूचे फोटो कोणी उघडूनसुद्धा बघितले नाहीत. जाहिरातीची साइट तर ग्रेटच, तक्रारीला छापील उत्तर, तेही तिसऱ्याच वस्तूबद्दल.

झाकण उघडं करून आतून फोटो मागा. आगाऊ पैसे देऊच नका.

आता साइटवाले म्हणतात केग विक्रेत्याला परत पाठवा, वाहतूक खर्च तुमचा, मग बघू. पाठवणार नाही, पुरावा म्हणून माझ्याकडे तेवढंच आहे.