मोर्चा: बंदी की अटी?

पुण्यात मोर्चा म्हटलं की डोळ्यासमोर येतं जिल्हाधिकारी कार्यालय, नाहीतर अलका चौक. पोलिसांपुढे अशा वेळी दोन वाटा असतात.

पहिली, जमावबंदी. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 37(3) खाली किंवा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली (हे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 144) आदेश निघतो. यातल्या पहिल्या आदेशाला शासनाच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांची मर्यादा, दुसऱ्याला साधारण दोन महिन्यांची. दंगलीची खरी भीती असेल तर हे लागतंच. पण अशा आदेशात दगड घेऊन येणारा आणि फलक घेऊन येणारा एकाच मापाने मोजला जातो. वैध मतप्रदर्शन दाबायला 144 वापरता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 च्या अनुराधा भसीन निकालात बजावलंय.

दुसरी वाट परवानगीची, पण अटींसह: मार्ग, वेळ, स्वयंसेवक, ध्वनिक्षेपकाची मर्यादा. इथे पोलिसांचं काम वाढतं. ससूनकडे जाणाऱ्या रुग्णवाहिकेसाठी एक मार्गिका मोकळी ठेवायची, बसगाड्या वळवायच्या, आयोजकांशी आदल्या दिवशी बसून बोलायचं. आंदोलकांनाही मुरड घालावी लागते. सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवता येत नाही, हे दिल्लीतल्या शाहीनबाग धरण्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयात 2020 मध्येच ठरलं.

माझं मत दुसऱ्या बाजूला. विसर्जनाची चोवीस तासांहून लांबलेली मिरवणूक सांभाळणाऱ्या शहराला दोन तासांचा मोर्चा जड का व्हावा? फक्त अटी इतक्या जाचक नकोत की परवानगी कागदावरच राहील.