‘भावा’ म्हणत आला आणि सेलिंगच्या आठवड्यात सगळ्यांचा माल घेऊन गेला

ओल्ड स्कूल रुनस्केप हा ऑनलाइन खेळ खेळणाऱ्या मराठी पोरांसाठी हे लिहितोय, विशेषतः ज्यांचा आपल्या गावच्या ओळखीचा छोटा गट आहे त्यांच्यासाठी. 2025 च्या नोव्हेंबरात खेळात सेलिंग, म्हणजे जहाज चालवण्याचं नवं स्किल (कौशल्य), आलं, त्या आठवड्यात आमच्या कोल्हापूरच्या गटाला एका माणसाने पद्धतशीर लुटलं. कुणाचं गोल्ड गेलं, कुणाचा गिअर (शस्त्रं-चिलखत) गेला, एकाचं अकाउंट रिकामं झालं आणि कसबा बावड्याच्या एका कॉलेजच्या पोराचे खरे पैसे गेले. यात हॅकिंग म्हणावं असं काहीही नव्हतं. तो आमच्या बोलीत बोलला, खेळाच्या भाषेत बोलला, आणि वस्तूंचे भाव कुणालाच नीट ठाऊक नसतात असा आठवडा त्याने गाठला. हे दुसऱ्या गटातही होऊ शकतं, म्हणून तपशिलात सांगतो.

जे स्वतः खेळत नाहीत पण ज्यांच्या घरातली पोरं खेळतात, त्यांना आधी एवढं कळायला हवं. रुनस्केपची 2007 सालची जुनी आवृत्ती 2013 मध्ये पुन्हा सुरू झाली, तोच हा खेळ. 2018 पासून तो मोबाइलवरही आहे. त्यात तलवारी, जादू, राक्षस आहेत, पण त्याहून मोठा आहे तो बाजार. जगभरचे खेळाडू ग्रँड एक्स्चेंजवर, म्हणजे जीईवर, वस्तू विकतात आणि घेतात. अपडेट साधारण दर बुधवारी येतं, आपल्याकडे तेव्हा दुपार कलून संध्याकाळ होत असते. एखादं शस्त्र बफ झालं, म्हणजे त्याची ताकद वाढवली, की भाव चढतो; नर्फ झालं, म्हणजे ताकद कमी केली, की कोसळतो. कोल्हापूरच्या गुजरीत सोन्याचा भाव हलला की सगळ्या पेढ्यांवर जी चुळबुळ सुरू होते, तीच बुधवारी जीईवर असते. आणि सेलिंग हे काही साधं अपडेट नव्हतं. 2023 मध्ये खेळाडूंनी मतदान करून तीन पर्यायांतून निवडलेलं, ओल्ड स्कूलच्या इतिहासातलं पहिलं नवं स्किल होतं ते. 19 नोव्हेंबरला ते येणार हे जाहीर झाल्यापासून जहाज बांधायला लागणाऱ्या फळ्या, खिळे, धातूच्या कांबी यांचे भाव कुठे जातील यावर आमच्याकडे रात्र-रात्र चर्चा चालायच्या.

आमचा गट उद्यमनगरातल्या आम्हा दोघा-तिघांनी सुरू केला. शिफ्ट संपली की मोबाइलवर थोडा वेळ खेळायचं, एवढंच होतं. मग राजारामपुरीतली, कळंब्याची, बावड्याची पोरं येत गेली. बहुतेक जण एकमेकांना तोंडाने ओळखायचे. तो मात्र खेळातूनच आला. एका बॉसला (मोठ्या राक्षसाला) आमच्याबरोबर मारायला उभा राहिला, मराठी चॅट दिसलं तसं म्हणाला, “कोल्हापूरचं हाय व्हय भावा? मी मंगळवार पेठेतला, सध्या पुण्यात.” त्याला गटात घ्यायला तेवढं पुरलं.

त्याने विश्वास कसा कमावला ते नीट बघा, कारण खरी फसवणूक तिथेच झाली होती. माल नेणं हा फक्त शेवटचा भाग. दर बुधवारी अपडेट आलं की तासाभरात तो मराठीत सगळं लिहून टाकायचा: काय बफ झालं, काय नर्फ झालं, आता मेटा काय (सध्या कुठली पद्धत सगळ्यात चालते), कुठला गिअर बिस (सगळ्यात भारी) आहे. इंग्रजी वाचायला कंटाळणाऱ्या पोरांना ते वाचून फार सोपं जायचं. नवख्यांना फुकट आर्मर द्यायचा. कुणाला मोठा ड्रॉप (राक्षस मारून पडलेली वस्तू) मिळाला की पहिला ‘जीझेड’, म्हणजे अभिनंदन, त्याचा. मी बंडोसच्या चेस्टप्लेटसाठी (एका बॉसकडून मिळणाऱ्या छातीच्या चिलखतासाठी) लांबलचक ड्राय गेलो होतो, म्हणजे मारत राहिलो तरी ती पडत नव्हती. तिचा दर 381 मारांत एक असा आहे, पण नशीब फिरलं की त्याच्या दुप्पट मारूनही हाती काही लागत नाही. तेव्हा तो रोज विचारायचा, “आज तरी स्पून झालास का न्हाई भावा?” (स्पून म्हणजे नशिबाने लवकर ड्रॉप मिळालेला.) पीटीएम आणि शिवाजी तरुण मंडळ या कोल्हापूरच्या फुटबॉल संघांच्या सामन्यावरून शाहू स्टेडियमवर बसल्यासारखा भांडायचा. आज मला वाटतं, ते सगळं मोबाइलवर चार व्हिडिओ बघून कुणालाही येईल. प्रत्यक्ष भेटायचं ठरलं की मात्र प्रत्येक वेळी त्याची सुट्टी रद्द व्हायची.

ऑक्टोबरात त्याने ‘क्लॅन पूल’ काढला. जीईवर प्रत्येक वस्तूला चार तासांची खरेदीमर्यादा असते, त्यापेक्षा जास्त नग एका अकाउंटला घेता येत नाहीत. त्याचं म्हणणं असं की आपण दहा जणांनी आपापल्या मर्यादेएवढं घ्यायचं, माल त्याच्याकडे जमा करायचा, अपडेटनंतर भाव चढला की तो विकणार आणि नफा वाटणार. ऐकायला पटणारं होतं, कारण मर्यादेचा भाग अगदी खरा आहे. पहिली फेरी लहान केली आणि ठरल्या दिवशी प्रत्येकाला मूळ रकमेवर थोडं जास्तच परत दिलं. खेळात याला ट्रस्ट ट्रेड म्हणतात. पहिलं छोटं कर्ज वेळेत फेडायचं, ते दुसऱ्या मोठ्यासाठी. ही युक्ती खेळाइतकीच जुनी आहे, आणि आमच्यातल्या जुन्या खेळाडूंना ती माहीतही होती. फक्त ती परक्या माणसाकडून येते अशी सगळ्यांची समजूत होती.

सेलिंगच्या आधी दुसरी फेरी झाली. या वेळी फळ्या आणि कांबी, जेवढं झेपेल तेवढं. आता वाटतं की आम्ही चढ्या भावाने जे घेत होतो, त्यातलं बरंचसं त्याने आधीच स्वस्तात भरून ठेवलेलं असणार. जीईवर समोर विकणारा कोण आहे हे दिसत नाही, त्यामुळे सिद्ध करता येत नाही. पण एखादी वस्तू ‘येत्या बुधवारी उडणार’ असं कुणी खासगीत सांगत असेल, तर ती वस्तू त्याच्याकडे आधीच पडून आहे असं धरून चाला.

माझं वेगळं झालं. त्याच आठवड्यात आम्ही तिघांनी बंडोस मारताना मला चेस्टप्लेट पडली. स्प्लिट ठरलेलं होतं, म्हणजे विकून तिघांत सारखे वाटे. जीईवर विकलं की दोन टक्के कर कापला जातो. 2021 मध्ये तो एक टक्का सुरू झाला आणि 2025 मध्ये दोन झाला. चेस्टप्लेट काही कोटी गोल्डची, त्यामुळे दोन टक्केही बरेच होतात. तो म्हणाला, “कर कशाला भरतोस? माझ्याकडं गिऱ्हाईक हाय, थेट ट्रेड करतो. तू माझ्याकडं दे, सोन्याचे तीन वाटे करून रात्री तुमच्या हातात.” या खेळात वस्तू उसनी देण्याची सोयच नाही. ट्रेडच्या पहिल्या पडद्यावर मान्य केलं, दुसऱ्यावर मान्य केलं, की ती वस्तू समोरच्याची झाली. दुसऱ्या पडद्यावर माझ्या बाजूला चेस्टप्लेट आणि त्याच्या बाजूला काहीच नाही, असं स्पष्ट लिहिलेलं होतं. रात्री त्याचा मेसेज आला की गिऱ्हाईक उद्या येतंय.

मग अपडेटचा दिवस उजाडला. सर्व्हर भरलेले, सगळे जहाज बांधण्याच्या मागे, कुणाचं कुणाकडे लक्ष नाही. त्या गडबडीत त्याने गटात एक लिंक टाकली: सेलिंगच्या पुढच्या टप्प्याच्या चाचणीसाठी नाव नोंदवा, जागा थोड्या आहेत. पान हुबेहूब खेळाच्या लॉगिनसारखं दिसत होतं. राजारामपुरीच्या एका पोराने त्यात ईमेल, पासवर्ड आणि ऑथेंटिकेटरचा कोडही (लॉगिनसाठी मोबाइलवर दिसणारा बदलता आकडा) टाकला. तो कोड जेमतेम अर्धा मिनिट चालतो, पण समोर माणूस बसलेला असेल तर तेवढं पुरतं. त्याच्या अकाउंटला बँक पिन नव्हता, त्यामुळे बँकही (खेळात माल साठवायची जागा) गेली आणि अंगावरचा गिअरही. त्याच पानावर माझ्या मावसभावानेही माहिती भरली होती. त्याला बँक पिन होता. तो पिन काढून टाकायची विनंती केली तरी खेळ काही दिवस थांबायला लावतो, तेवढ्यात मावसभावाने पासवर्ड बदलला. अंगावर होतं तेवढं गेलं, बँक वाचली. चार आकड्यांचा तो पिन आजच लावा, हे वाचून झाल्यावर लगेच.

सगळ्यात वाईट वाटतं ते बावड्याच्या पोराचं. बाकी आमचा माल खेळातला होता, त्याचे रुपये गेले. त्याला वर्षभराची मेंबरशिप हवी होती. ‘परदेशातल्या कार्डावरून निम्म्या किमतीत करून देतो’ म्हणून त्या माणसाने चार हजार यूपीआयने घेतले. दोन दिवस काही झालं नाही. पोराने पैसे परत मागितले तेव्हा त्याने क्यूआर कोड पाठवला आणि लिहिलं, “स्कॅन करून पिन टाक, रिफंड येतोय.” पिन टाकला तसे आणखी चार हजार गेले. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीही लागत नाही, तो फक्त पैसे द्यायलाच लागतो. आमच्या गटात बारावी झालेली, आयटीआय केलेली, रोज यूपीआय वापरणारी पोरं आहेत, आणि तरी घाईत हा फरक डोक्यातून निसटतो. तुमच्या धाकट्या भावंडांना हे एवढं एक वाक्य पाठ करून घ्यायला लावा.

शुक्रवारी सकाळी तो माणूस गटात नव्हता. खेळात शोधलं तर त्या नावाचा कुणी नाही. नाव बदलता येतं, पण जो मित्रयादीत असतो त्याचं आधीचं नाव तिथे दिसतं. आमच्यातल्या ज्यांनी रागाने त्याला लगेच यादीतून काढलं, त्यांनी तो धागाही तोडून टाकला. काढू नका. आधी नव्या-जुन्या नावांचे, चॅटचे, ट्रेडचे स्क्रीनशॉट घ्या, मग खेळातल्या रिपोर्ट बटणाने तक्रार करा. गेलेली वस्तू त्याने परत मिळत नाही, फसवणुकीने गेलेला माल कंपनी परत देत नाही हा जाहीर नियम आहे. पण त्या माणसाच्या अकाउंटवर कारवाई होऊ शकते.

रुपयांचं वेगळं आहे, आणि तिथे वेळ फार महत्त्वाची. पोराने घरी सांगायला दोन दिवस लावले, कारण वडील ओरडतील ही भीती. पैसे गेल्याचं कळलं की त्याच क्षणी 1930 या हेल्पलाइनला फोन लावायचा. व्यवहाराचा क्रमांक, समोरचा यूपीआय आयडी आणि वेळ हाताशी ठेवायची. पैसा पुढच्या खात्यात सरकायच्या आत कळवलं तर तो अडवून धरता येण्याची शक्यता असते. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लेखी तक्रारही करता येते. दुसऱ्याचं सोंग घेऊन ऑनलाइन फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 च्या कलम 66 डी खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. आम्ही पोराबरोबर जाऊन तक्रार दिली आणि क्रमांक मिळाला. पैसे अजून आलेले नाहीत.

घरच्यांना एक विनंती. आमच्यातल्या दोघांना घरी ऐकून घ्यावं लागलं की खेळातलंच होतं ना, मग रडायला काय झालं. चेस्टप्लेट काही कोटी गोल्डची असली तरी ती बाजारात नेऊन किलोभर तांदूळ मिळत नाहीत, हे आम्हालाही कळतं. पण दिवसभर मशिनवर उभं राहून आल्यावर, मित्रांबरोबर रात्री बसून मिळवलेली गोष्ट होती ती. आणि जो माणूस रोज ‘जेवलास का भावा’ म्हणून विचारायचा, तो हे करत होता याचा धक्का वस्तूपेक्षा मोठा असतो. मुलगा गप्प झाला तर आधी ओरडू नका. बावड्याचा पोरगा दोन दिवस गप्प बसला नसता तर कदाचित त्याचे निम्मे तरी वाचले असते.

आम्ही गट बंद केला नाही. आता नियम असा आहे की स्प्लिटची वस्तू ज्याला पडली त्यानेच सगळ्यांसमोर जीईवर विकायची, कर गेला तर जाऊ दे. कुणाचाही माल कुणाकडे ठेवायचा नाही. अपडेटची माहिती खेळाच्या अधिकृत पानावरूनच वाचायची, इंग्रजी जड वाटलं तर आम्ही बसून एकमेकांना सांगतो. आणि प्रत्यक्ष भेटल्याशिवाय कुणाला गटात घ्यायचं नाही, मग तो कितीही आपल्यासारखा बोलो.

गेल्या आठवड्यात इचलकरंजीच्या एका ओळखीच्या पोराने मला त्यांच्या गटातला मजकूर पाठवला. बुधवारच्या अपडेटचा मराठी सारांश, तीच मांडणी, तेच ‘आता मेटा काय’, आणि खाली क्लॅन पूलची पहिली फेरी यशस्वी झाल्याची खबर. नाव वेगळं आहे, गाव आता जयसिंगपूर सांगतोय. आमच्याकडचे सगळे स्क्रीनशॉट मी त्यांना पाठवलेत. दोघांनी माल काढून घेतला. बाकीचे म्हणतात, आमचा माणूस तसा नाही.