ब्लेंडर २.८० साठी अ‍ॅड-ऑन: एकच फाइल की दोन शाखा?
ब्लेंडर या थ्री-डी सॉफ्टवेअरच्या २.७९ आणि २.८० या दोन्ही आवृत्त्यांवर अ‍ॅड-ऑनची (जोड-प्रोग्रामची) एकच फाइल चालवायची तर पहिली ठेच सिंटॅक्सची, म्हणजे कोड लिहिण्याच्या नियमांची. २.८०ला प्रॉपर्टी '='ऐवजी ':' लावून हवी; २.७९मधला पायथन ३.५ तो कोलन (अ‍ॅनोटेशन) दिसताच अख्खी फाइल नाकारतो. मग अ‍ॅनोटेशन लोड होताना कोडनेच घालायची. मॅट्रिक्सचा गुणाकार जास्त फसवा: त्यासाठी २.८०ला '*'ऐवजी '@' हवा; तो दोन्हीकडे वाचला जातो, पण २.७९मध्ये प्रत्यक्ष चालवताना टाइप एरर. आवृत्ती तपासणारे 'इफ' जागोजागी पेरावे लागतात.

दोन-चार बटणांचं अ‍ॅड-ऑन असेल तर हे खपतं. गणित असेल तर शाखाच (प्रत्येक आवृत्तीसाठी कोडची वेगळी प्रत) बऱ्या: जुनी गोठवा, तिच्यात फक्त दोषदुरुस्ती. तीच दुरुस्ती दोनदा करायची, हा जाच आहेच. नव्या शाखेत बीएल-इन्फोमधला (फाइलच्या माहितीच्या नोंदीतला) ब्लेंडर-आवृत्तीचा आकडा (२, ८०, ०) करायला विसरलात, तर अ‍ॅड-ऑन सुरूच होत नाही.