पऱ्हाटीतला कामगंध सापळा: रोज सकाळी पाहणार असाल तरच घ्या

पऱ्हाटीवाल्या, म्हणजे कापूस लावणाऱ्या भावांसाठी लिहून राहिलो. गुलाबी बोंडअळीचे कामगंध सापळे म्हणजे फेरोमोन ट्रॅप, तेच ते खाली लांब प्लास्टिकची पिशवी लटकवलेले, यंदा तालुक्याच्या कृषी केंद्रातून आणले. वस्तू कामाची आहे, पण एका अटीवर, अन् ती अट दुकानात कोणी सांगत नाही.

याच्यानं अळी मरत नाही. टोपणाखालच्या ल्युअरला, म्हणजे वासाच्या गोळीला, मादीचा वास असते, त्या वासावर नर पतंग येतात अन् पिशवीत पडतात, बस. हेक्टरी ५ लावायचे म्हणजे एकरी २, पेरणीनंतर दीडेक महिन्यानं, शेंड्यापेक्षा फूटभर वर. मग रोज पिशवी सोडून पतंग मोजायचे. सलग ३ दिवस एका ट्रॅपमध्ये रोज ८ किंवा जास्त निघाले की फवारणीची वेळ आली, अन् आली म्हणजे त्याच दिवशी आली. आपल्याकडे काय होते, पोळा होऊ दे मंग पाहू, बाजाराच्या दिवशी औषध आणू, मजूर भेटले की मारू, तेवढ्यात अंड्यातून अळी निघून बोंडात शिरते, वरचं भोक बुजून जाते अन् मंग कितीही महागाचं औषध मारा, तिच्यापर्यंत पोचतच नाही. बोंड वरून हिरवंगार, फोडलं की आत सरकी पोखरलेली. २०१७ ला विदर्भात हेच झालं, बीटी, म्हणजे बोंडअळी लागू नये म्हणून बनवलेलं बियाणं, लावली म्हणून लोकं निवांत होते अन् अळी वरून दिसतच नव्हती. किती घरांचं वर्ष गेलं त्यात, अजूनही बोलताना जीव तुटते.

आमच्याकडे मोजायचं काम आईकडे आहे. ती वावरातूनच फोन करते, औषध अन् पंप आधीच घरी तयार ठेवलेलं असते. मोजता मोजता तिची नजर फुलांवरही जाते, डोमकळी, म्हणजे अळी आत असल्यानं न उमललेलं फूल, दिसली की तिथंच तोडून सोबतच्या पिशवीत टाकते, संध्याकाळी पाहू असं तिच्याजवळ नाहीच. नुसत्या ट्रॅपवर पण विसंबू नका, अधूनमधून वेगवेगळ्या झाडांची २० हिरवी बोंडं फोडून पहा, २ मध्ये अळी भेटली तरी फवारणी करायची.

आता तक्रारी. पिशवी लयच पातळ आहे, वारा-पावसात फाटते अन् पतंग निसटले की मोजणी चुकते, म्हणून जास्तीच्या पिशव्या सोबतच घ्या. ल्युअरच्या पाकिटावर पेक्टिनो लिहिलंय का ते दुकानातच पहा, आम्हाला पहिले हिरव्या बोंडअळीचा दिला होता, त्यावर गुलाबी अळीचा पतंग येत नाही. ल्युअर महिनाभरात बदलावा लागते, त्याला हात लावायच्या आधी हात धुवून घ्या, तंबाखू-औषधाचा वास लागू देऊ नका.

पाचपैकी चार स्टार, एक पिशवीसाठी कापला. ज्यांची पऱ्हाटी आता पात्यावर, म्हणजे कळ्यांवर आली आहे त्यांनी आजच संध्याकाळी जाऊन आणा, बांबू तर घरी असतेच.